आउटबोर्ड यंत्राचा पाण्याचा पंप व त्याची निगा

खाडीलगत ज्यांची खारजमीन आहे, अशा शेतकऱ्यांस होडी ही बैलगाडीइतकीच उपयोगाची वस्तू होय. खारबांधाच्या बाहेरील अंगास दगडमाती पोहोचविणे, उघडीची पाहणी करणे, पलीकडच्या काठावरून माणसे आणणे ही कामे होडीवाचून अडतात. कळंबोलीची भातजमीन १९७० नंतर नव्या मुंबईच्या उभारणीत गेली. तथापि गावाजवळून वाहणारी कासाडी व पुढील खाडी जेथल्या तेथेच आहेत, आणि उरण-पेणकडे खारबांधांच्या आड आजही भात पिकतो. ज्यांच्या घरी अद्याप होडी व तिच्यामागे लावलेले जुने आउटबोर्ड यंत्र आहे, त्यांच्याकरिता आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

उधाणाच्या भरतीत बांधास खांड पडली, तर पुढच्या भरतीपूर्वी ती बुजवावी लागते. खारे पाणी एकदा शेतात पसरले म्हणजे मीठ धुऊन निघण्यास पावसाळ्यामागून पावसाळे जातात. अशा वेळी यंत्र तापून बंद पडले, तर नुकसान केवळ यंत्राचे होत नाही, पिकाचेही होते. आणि यंत्र तापण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : पाण्याचा पंप.

आउटबोर्ड यंत्र ओल इव्हिनरूड याने १९०९ साली अमेरिकेत विक्रीस आणले. त्याचे सिलिंडर थंड राखण्यास स्वतंत्र टाकी नसते. ज्या पाण्यावर होडी चालते, तेच पाणी यंत्र वर ओढून घेते. आपल्या शेतावरील तेलाच्या इंजिनास पंपाच्या पाण्यातूनच बारीक नळीने थंडावा देतात, त्यातलाच हा प्रकार. यंत्राच्या खालच्या पायात, गिअरच्या पेटीवर, एक लहानसे घर असते. त्यात रबरी पात्यांची एक चक्री असते. कारागीर तीस इंपेलर म्हणतात. उभ्या शाफ्टावर एका छोट्या चावीने ती बसविलेली असते. घर मध्यापासून किंचित बाजूस सरकलेले असल्यामुळे पाती एका अंगास दुमडतात व दुसऱ्या अंगास उलगडतात. या दुमडण्या-उलगडण्यानेच पाणी ओढले जाऊन तांब्याच्या नळीवाटे वर जाते, सिलिंडरभोवती फिरते व बाहेर पडते. त्यातील थोडे पाणी बऱ्याच यंत्रांत मागील बाजूच्या भोकातून बारीक धारेने पडताना दिसते. ही धार म्हणजे यंत्राची नाडीच समजावी.

या रबरास वंगण केवळ पाण्याचेच असते. पिंपाविना, सहज पाहावे म्हणून, कोरडे यंत्र काही क्षण जरी चालविले, तरी पाती घासून करपतात. दुसरा शत्रू गाळ. ओहोटीस पाणी उथळ झाले असता पंखा तळ ढवळतो व चिखलमिश्रित रेती पंपात शिरून घराच्या आतील भिंतीवर ओरखडे पाडते. प्लॅस्टिकच्या पिशव्या पाणी घेण्याच्या जाळीवर चिकटतात, हा आजच्या काळातील नवा उपद्रव आहे. तिसरे कारण स्वस्थ बसणे. यंत्र महिनोन्महिने पडून राहिले, की पाती वाकलेल्या स्थितीतच कडक होतात. चक्री वरून धड दिसते, पण पाणी चढवीत नाही.

म्हणून चक्री फाटेपर्यंत वाट पाहू नये. पावसाळ्यापूर्वी बांधबंदिस्ती करतो, त्याच सुमारास दरसाल पंप उघडून पाहावा. गाळाच्या पाण्यात नित्य चालणाऱ्या यंत्राची चक्री दरवर्षी बदलणे हितावह. सुटी चक्री घेण्यापेक्षा घर, खालची पत्री, चावी व गॅस्केट यांसह पूर्ण संच घ्यावा, कारण ओरखडलेल्या घरात नवी चक्रीही फार दिवस टिकत नाही. संच घेताना यंत्राच्या पट्टीवरील क्रमांक लिहून न्यावा. इव्हिनरूड यंत्रांचे उत्पादन २०२० साली थांबले. तेव्हा तसल्या जुन्या यंत्राच्या धन्याने एक संच घरी राखून ठेवावा हे शहाणपणाचे.

काम करताना प्रथम प्लगची तार काढावी, म्हणजे हात लागून यंत्र सुरू होण्याचे भय राहत नाही. गिअरची कांडी कोठे जोडलेली आहे ते पाहून ती सोडवावी, मग खालचा पाय उतरवावा. खाऱ्या पाण्याने स्क्रू धरून बसलेले असतात. त्यांस जोर करू नये, तेल सोडून रात्रभर ठेवावे. जुन्या चक्रीचे एखादे पाते तुटलेले आढळल्यास तो तुकडा सापडेपर्यंत शोधावा, अन्यथा तो वरच्या वाटेत अडकून नव्या पंपाचेही पाणी अडवील. नवी चक्री साबणाच्या पाण्याने ओली करून, शाफ्ट त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवीत घरात बसवावी. बहुतेक यंत्रांत ही दिशा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असते. पुढे शाफ्ट उलट फिरवू नये. चावी खाचेतून निसटली नाही याची खात्री करावी. पाय चढविताना तांब्याची नळी आपल्या रबरी बुचात नीट शिरली पाहिजे, आणि स्क्रूंच्या आट्यांस ग्रीस लावावे, म्हणजे पुढील वर्षी ते सहज निघतील.

नंतर पंप पूर्ण बुडेल इतके गोडे पाणी पिंपात भरून यंत्र चालवावे. धार सरळ पडली व पाणी कोमट आले, तर काम साधले. धार नसेल, तर यंत्र तत्काळ बंद करून आधी भोकात बारीक तार घालून पाहावे. पुष्कळदा मातीचा कणच तेथे अडकलेला असतो. भोक मोकळे असूनही धार नसेल, तर दोष आत आहे.

खाडीत असता धार थांबली, वाफ दिसली किंवा यंत्राचा जोर कमी झाला, तर ते त्याच क्षणी बंद करावे व जाळी साफ करावी. तापलेल्या यंत्रावर थंड पाणी ओतू नये. धातूस तडा जातो. दर फेरीनंतर पाच-दहा मिनिटे पिंपातील गोड्या पाण्यात यंत्र चालवावे, आणि मग ते उभेच ठेवून आतील पाणी निथळू द्यावे. तापलेल्या खाऱ्या पाण्यातील क्षार आत साचून वाटा अरुंद करतात. ते या साध्या सवयीने टळते.

चक्रीची किंमत पिस्टन व सिलिंडरच्या मानाने अगदी अल्प आहे. उधाणाच्या रात्री यंत्र चालले पाहिजे, अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी हे काम वैशाखातच उरकावे.