ट्रकवाल्यांचा रोग

नव्या होस्टेलच्या साइटवर बिहारकडची बरीच मंडळी आहेत. एनएसएसतर्फे मी त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांवर गेलो नि विचारलं, एचआयव्हीची भीती वाटते का? एक मिस्त्री हसला. भीती परांचीवरून पडायची, म्हणाला; "वो तो ट्रकवालों की बीमारी है." दुसरा म्हणाला, आम्ही तब्येतीने चांगली बाई बघूनच जातो.

मित्रांनो, घोळ इथेच आहे. नुसती वायर बघून तिच्यात करंट आहे का सांगता येतं? विषाणू शिरल्यावरही माणूस ८-१० वर्षं धडधाकट दिसू शकतो. ती बाईही, हा मिस्त्रीही, आणि छठला तो गावी जाऊन आल्यावर त्याची बायकोही. समोरच्याचा धंदा नि चेहरा बघून काही कळत नाही. निरोध वापरला का, हा खरा प्रश्न.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत तपासणी फुकट नि गुप्त असते, औषधंही २००४ पासून मोफत. पण हजेरी बुडते, आणि मुकादमाला कळलं तर? नुसत्या एचआयव्हीवरून कामावरून काढायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

रात्री रूमवर हे सगळं सांगितलं. पार्टनर म्हणाला, "आपल्याला काय त्याचं? तो लेबर लोकांचा प्रश्न!"