मानपत्र कोणी मागायचे?

सत्कार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? शाल, श्रीफळ, लांबलेले प्रास्ताविक आणि घड्याळाकडे पाहणारे श्रोते! मराठीचा प्राध्यापक या नात्याने असल्या समारंभांत बोलून बोलून माझा घसा बसला आहे. त्यामुळे गतवर्षी कॅलिफोर्नियात भाचीकडे गेलो असता ती म्हणाली, "मामा, उद्या राजदरबाराला यायचंय. पण हसायचं नाही हं!" तेव्हा मी हसलोच.

पण दरबार खरोखरच भरला. हिरवळीवर तंबू, निशाणे, चिलखते चढवलेले वीर, घोळदार झगे सावरणाऱ्या स्त्रिया! एरवी हीच माणसे हिशेबनीस, शिक्षक नि परिचारिका. संस्थेचे नाव 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम'. अ‍ॅनाक्रॉनिझम म्हणजे आपला कालविपर्यास. वर्गात ज्या दोषाबद्दल मी मुलांचे गुण कापतो, त्याचीच या मंडळींनी संस्था काढली आहे! १ मे १९६६ रोजी बर्कली येथे, पुढे लेखिका म्हणून नावारूपाला आलेल्या डायना पॅक्सन यांच्या घरामागच्या अंगणात, मित्रमंडळींनी मौजेखातर मध्ययुगीन थाटाची द्वंद्वे लावली. त्या अंगणातून आज वीस 'राज्ये' निर्माण झाली असून ती युरोप-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आहेत.

येथला राजा जन्माने ठरत नाही, मतांनीही नाही. तो द्वंद्वे जिंकून ठरतो. तलवारी मात्र वेताच्या. आणि गंमत अशी की, वार वर्मी बसला की नाही हे पंच सांगत नाही. ज्याला लागला त्यानेच ते प्रामाणिकपणे मान्य करायचे. असा जिंकलेला राजा बहुतेक राज्यांत साधारण सहा महिन्यांनी गादी सोडतो. तेवढ्या काळात राजाराणीने प्रजेचा गौरव करायचा.

त्या गौरवाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे स्वतःचे कुलचिन्ह मिरवण्याचा मान. तो मिळाला की माणूस 'लॉर्ड' वा 'लेडी' होतो. सर्वांत वरच्या पायरीवर योद्ध्यांना सरदारकी आणि पांढरा कमरपट्टा, कलावंतांना व अभ्यासकांना 'लॉरेल' आणि सेवेकऱ्यांना 'पेलिकन'. पेलिकन पक्षीण स्वतःचे रक्त पाजून पिले जगवते अशी युरोपात जुनी समजूत होती, त्यावरून हे नाव. २०१५ साली या वरच्या पायरीवर तलवारबाजांच्या आणखी एका पदवीची भर पडली. मला विशेष वाटले ते हे की, रणांगण गाजवणारा आणि मुदपाकखान्यात राबणारा यांचा मान अगदी सारखा! आणि यात पैशाचा संबंध नाही. मिळते ते पदक आणि हाताने लिहिलेले, रंगवलेले मानपत्र.

माझी भाची ही मानपत्रेच रंगवते. वेलबुट्टी, सोनेरी वर्ख, टाकाने काढलेली अक्षरे. एकेका तावाला कित्येक संध्याकाळी जातात. दरबारात भालदाराने एका वृद्ध गृहस्थांना पुकारले. प्रत्येक मेळाव्यात भांडी घासणारा हा माणूस, हात पुसत पुसतच पुढे आला. त्याला आधी कोणी काही सांगितलेच नव्हते! गुडघा टेकताना त्याचे ओठ थरथरले. हाती पडलेले मानपत्र भाचीनेच रंगवलेले होते.

"तुझं मानपत्र कुठं आहे?" मी विचारले.

"मला अजून मिळालेलं नाही, मामा."

"मग राजाला सांग ना!"

"स्वतःबद्दल सांगणं बरं दिसत नाही. राजाला सगळं कुठून दिसणार? ज्यानं कुणाचं काम पाहिलं असेल, त्यानं पत्र लिहून कळवायचं. वरच्या पदव्यांना त्या त्या मंडळातल्या लोकांचा सल्ला घेतात, पण सुरुवात होते ती पत्रानंच. या आजोबांसाठी मीच लिहिलं होतं."

मी गप्प झालो. चार वर्षे राबणाऱ्या या मुलीसाठी कोणाला पत्र सुचले नव्हते. मी लिहावे, तर मामाचे पत्र म्हणजे वशिलाच! पण माझ्या गप्प होण्याचे कारण दुसरेच होते.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक शिपाई होते. कोणता ग्रंथ कोणत्या कपाटात, हे सूचीपेक्षा त्यांना आधी ठाऊक. माझ्या एम. ए. च्या अभ्यासापासून त्यांनी मला पुस्तके शोधून दिली. गुणवंत सेवकाच्या गौरवासाठी त्यांची शिफारस करायचे मी दरवर्षी ठरवी आणि अर्जाचा कागद दरवर्षी खणातच राही. ते निवृत्त झाले. निरोपाला मी सुंदर भाषण केले, टाळ्याही पडल्या. पण त्या टाळ्या माझ्या भाषणाला होत्या.

परत येताना भाचीकडून वेलबुट्टीची चौकट काढलेला एक ताव मागून घेतला. घरी आल्यावर त्यात माझ्या हाताने मजकूर लिहिला आणि एका रविवारी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले. मग ओळीवर बोट ठेवून म्हणाले,

"सर, तीस नव्हे; एकतीस वर्षं."

ताव परत आणला आहे. दुरुस्ती आजच करतो. आणि या वेळी तो खणात ठेवलेला नाही.