जठर : चार ऊतींचा संसार

पेशींची ऊती, ऊतींचे इंद्रिय आणि इंद्रियांची संस्था, अशी आपल्या शरीराची बांधणी असते. जठराचेच पाहा. आतले अस्तर अभिस्तर ऊतीचे. त्यातून आम्ल, पाचकरस व चिकट श्लेष्मा पाझरतो. स्नायू ऊतीचे तीन थर अन्न घुसळतात, चेता ऊती त्यांवर नियंत्रण ठेवते, तर संयोजी ऊती सर्वांना बांधून ठेवते.

हा श्लेष्मा अस्तराला आम्लापासून वाचवतो. सांधेदुखीसाठी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनानेच रोज घेतल्यास हे संरक्षण दुबळे होऊन व्रण पडू शकतो. व्रण खोल गेल्यास रक्तवाहिनी फुटते आणि पचनसंस्थेचे दुखणे रक्ताभिसरणावर येते. डांबरासारखे काळे शौचास झाल्यास किंवा रक्ताची उलटी झाल्यास घरगुती उपाय करत बसू नका; ताबडतोब दवाखाना गाठा.