भावप्रकटन आणि अतिप्रकटन : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक भाषिक विवेचन

समाजमाध्यमांवर आपले सुखदुःख उघडपणे मांडण्याची जी रीत गेल्या दीड दशकात रूढ झाली आहे, तिच्याविषयी दोन परस्परविरोधी मते नेहमी ऐकू येतात. पहिल्या मताप्रमाणे ही रीत म्हणजे संकोचाचा आणि मर्यादेचा ऱ्हास होय. पूर्वीची माणसे आपले दुःख गिळून बसत, आजची माणसे ते चव्हाट्यावर आणतात. दुसऱ्या मताप्रमाणे हीच रीत म्हणजे मुक्यांना फुटलेली वाचा होय. ही दोन्ही मते एका समान गृहीतावर उभी आहेत, आणि ते गृहीत असे की पूर्वी भावनांचे सार्वजनिक प्रकटन होत नव्हते. प्रस्तुत लेखात ह्या गृहीताची तपासणी यवतमाळ जिल्ह्यातील काही उदाहरणांच्या आधारे करावयाची आहे, आणि बदल झाला तो नेमका कोठे झाला हे भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे.

१

प्रथम संज्ञेचा विचार करू. गरजेपेक्षा अधिक खाजगी गोष्ट उघड करणे ह्या अर्थाचे ‘ओव्हरशेअर’ हे इंग्रजी क्रियापद ‘वेब्स्टर्स न्यू वर्ल्ड’ ह्या कोशाने २००८ साली वर्षाचा शब्द म्हणून निवडले. २०१४ साली चेंबर्स कोशानेही त्याच शब्दाची निवड केली. त्यासाठी येथे ‘अतिप्रकटन’ हा शब्द योजला आहे. ‘अति’ हा उपसर्ग मोजमाप सुचवितो. परंतु मोजण्याचे माप कोणते, हे तो सांगत नाही. एकच वाक्य आईजवळ बोलले तर ते प्रांजळपण ठरते आणि तीनशे सदस्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले तर ते अतिप्रकटन ठरते. वाक्यातील भावनेचे प्रमाण दोन्ही ठिकाणी तेवढेच आहे. म्हणजे ‘अति’ हे विशेषण भावनेला लागत नसून वक्ता आणि श्रोता यांच्या संबंधाला लागते, असे म्हणावयास हरकत नाही.

२

यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी, गोरबोली, गोंडी आणि कोलामी अशा अनेक बोली नांदतात, आणि भावप्रकटनाच्या जुन्या रीतीही तशाच विविध आहेत. पुसद, दिग्रस, दारव्हा ह्या भागांतील बंजारा समाजात ‘ढावलो’ ह्या नावाचे गीतरुदन आहे. सासरी जाण्यापूर्वी वधू एकेका आप्ताच्या गळ्यात पडून, त्याला नात्याने हाक मारून, सुरात रडते. हे रुदन वडीलधाऱ्या स्त्रिया तिला आधीपासून शिकवितात. ते सर्वांसमक्ष होते, मोठ्याने होते, आणि ते न करणे हेच उलट विचित्र समजले जाते. शिकविलेले रडणे म्हणजे खोटे रडणे, असे मात्र कोणी समजू नये. व्याकरण शिकून बोलणारा मनुष्य खोटे बोलतो असे आपण म्हणत नाही. त्याचप्रमाणे येथे परंपरेने दुःखाला एक व्याकरण दिले आहे, इतकेच.

दुसरे उदाहरण जात्यावरील ओवीचे. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रातील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सिद्ध केला. जाते मात्र महाराष्ट्रभर होते, आणि ओवीही होती. सासुरवास, माहेरची ओढ, गरिबी, मुलाचा मृत्यू ह्यांपैकी ओवीला वर्ज्य असे काही नाही. परंतु तेथे श्रोता ठरलेला आहे : समोर दळावयास बसलेली जाऊ, शेजीण किंवा मुलगी. पुष्कळदा तर स्त्री जात्यालाच उद्देशून बोलते. वेळही ठरलेली, पहाटेची, छंदही ठरलेला, आणि दळण संपले की बोलणेही संपते.

तिसरे उदाहरण मृत्यूनंतरच्या भेटीचे. दुखवट्याला जाणारा मनुष्य फारसे बोलत नाही, बसून राहतो. मृत्यूची वार्ता देणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडण्याची रीत होती. मजकूर वाचण्यापूर्वीच वाचणाऱ्याला तो कळत असे. विदर्भात तेरवीपर्यंत शोकाचा काळ, आणि त्यानंतर व्यवहाराचा आरंभ. येथे शोक उघड आहे, पण त्याला आरंभ आणि शेवट आहे.

ह्या तिन्ही उदाहरणांवरून असे दिसून येते की जुना समाज भावना झाकून ठेवणारा नव्हता. तो भावनेला रूप, श्रोता आणि अवधी नेमून देणारा होता.

३

मग समाजमाध्यमांनी काय बदलले? ह्याचे पहिले उत्तर श्रोत्याच्या विचारात सापडते. ॲलन बेल यांनी १९८४ साली मांडलेल्या श्रोतृविचारात चार पायऱ्या आहेत : ज्याला उद्देशून बोलले जाते तो संबोधित, संभाषणात सामील असलेला पण प्रत्यक्ष न संबोधलेला श्रोता, हजर आहे हे ठाऊक असलेला पण सामील नसलेला श्रोता, आणि ज्याच्या अस्तित्वाची वक्त्याला कल्पनाच नाही असा चोरून ऐकणारा. वक्ता आपली भाषाशैली प्रामुख्याने पहिल्या श्रोत्याला पाहून बेततो. ढावलोमध्ये ह्या पायऱ्या स्पष्ट आहेत : वधू ज्याच्या गळ्यात पडली आहे तो संबोधित, आणि तांड्यातील इतर माणसे त्याच्या पलीकडची. फेसबुकवरील मजकुरात मात्र मामा, शाळेतील मित्र, कचेरीतील वरिष्ठ आणि अनोळखी मनुष्य हे सर्व एकाच पायरीवर येऊन उभे राहतात. ॲलिस मार्विक आणि डाना बॉइड यांनी २०११ साली ह्या अवस्थेचे वर्णन संदर्भांची कोसळ असे केले आहे.

पित्याच्या पुण्यतिथीला ‘बाबा, तुम्ही आज हवे होता’ असे लिहिणारा मुलगा द्वितीय पुरुषी सर्वनाम वापरतो. ज्याला संबोधिले तो वाचणार नाही, आणि जे वाचणार आहेत त्यांना संबोधिलेले नाही. विलापाचे जुने रूप येथे टिकून आहे. विलापाभोवतीचे रिंगण तेवढे नाहीसे झाले आहे.

दुसरे उत्तर व्याकरणात सापडते. मराठीत भावनेचा अनुभव घेणारा बहुधा कर्ता नसतो. तो चतुर्थीत येतो. ‘मला वाईट वाटते’, ‘तिला रडू आले’, ‘त्याला गहिवर आला’ ह्या रचनांत भावना ही माणसाकडे येणारी गोष्ट आहे. कॉलिन मसिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियाच्या भाषिक प्रदेशाचा जो अभ्यास केला, त्यात ही रचना ह्या प्रदेशाचे एक महत्त्वाचे लक्षण म्हणून नोंदविलेली आहे. जे येते, त्याच्यामागे काहीतरी घडलेले असते. म्हणून अशा वाक्याला ‘काय झाले?’ हा प्रश्न आपोआप जोडला जातो. फेसबुकने २०१३ साली भावनांची तयार यादी उपलब्ध करून दिली, आणि ‘फीलिंग सॅड’ हा शब्दप्रयोग देवनागरीतही सर्रास लिहिला जाऊ लागला. त्यात कोणाला आले, कशामुळे आले, ह्यांपैकी काहीच नाही. वाक्य जाऊन त्याच्या जागी चिठ्ठी आली. चिठ्ठीला प्रश्न विचारला जात नाही.

प्रतिसादाचीही तीच गत. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द एका ग्रुपवर एका तासात पन्नास वेळा उमटतात. मालिनोव्हस्की यांनी १९२३ साली ज्याला केवळ संबंध राखण्यासाठी होणारे भाषण म्हटले, त्याचा हा नमुना होय. ते निरर्थक नव्हे. दुखवट्याला नुसते बसण्यासारखेच ते आहे. परंतु बसण्याला वेळ द्यावा लागे, घरून निघावे लागे. येथे हजेरी राहिली आणि तिची किंमत गेली.

४

ह्या ठिकाणी आपल्या साहित्यशास्त्राची मदत घेणे उचित होईल. रससिद्धान्ताचे विवेचन ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ (१९५८) ह्या ग्रंथामुळे मराठी विद्यार्थ्यांना परिचित आहे. लौकिक शोक आणि करुण रस ह्या दोन भिन्न गोष्टी होत. भट्टनायकाच्या मते काव्यात भावाचे साधारणीकरण होते. तो अमुक एका व्यक्तीचा राहत नाही. अभिनवगुप्त तर क्रौंचवधाच्या प्रसंगी शोक हा मुनीचा स्वतःचा होता असे मानू नये, असे बजावतो. कारण जो स्वतः दुःखाने व्याकूळ आहे, त्याच्या ठिकाणी रस संभवत नाही.

ह्यावरून प्रतिसादाचा एक नियम निघतो. रसाला उचित प्रतिसाद आस्वाद हा होय. लौकिक शोकाला उचित प्रतिसाद साहाय्य हा होय. रंगमंचावरील रडणाऱ्या पात्राला प्रेक्षकाने पाणी नेऊन देणे जितके अप्रस्तुत, तितकेच शेजारच्या घरातील रडणे आस्वादाने ऐकणे अनुचित. समाजमाध्यमावर लौकिक शोक येतो, परंतु तो येतो प्रेक्षकासमोर. आणि प्रेक्षकाच्या हाती साधन असते ते पसंती दर्शविण्याचे. अतिप्रकटनाचा दोष आपण लिहिणाऱ्याच्या माथी मारतो. वस्तुतः त्यातील मोठा भाग वाचणाऱ्याच्या भूमिकेच्या गोंधळाचा आहे.

५

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. पुढे ह्या जिल्ह्याचे नावच शेतकरी आत्महत्यांशी जोडले गेले. छायाचित्रे, बातम्या आणि अलीकडे ध्वनिचित्रफिती यांतून येथील कुटुंबांचे रडणे, त्यांनी न मागता, दूरवर पोहोचले. हे अतिप्रकटनच होय, पण ते दुसऱ्यांनी केलेले. ‘मर्यादा सोडली’ हा आरोप येथे रडणाऱ्यावर करता येत नाही.

ह्याला ह्याच परिसरातून मिळालेली उत्तरे अभ्यसनीय आहेत. २०१७ पासून १९ मार्च रोजी किसानपुत्र आंदोलनाच्या आवाहनावरून अनेक जण दिवसभर अन्नत्याग करतात. हा शोक शब्दांविना प्रकट होतो, आणि प्रकट करणाऱ्याला त्यासाठी काही सोसावे लागते. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ ह्या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवांनीच भूमिका केल्या. आपल्या दुःखाला त्यांनी स्वतः रूप दिले आणि प्रेक्षकाला प्रेक्षकाच्या जागी बसविले. ह्या कलावंतांपैकी वैशाली येडे यांच्या हस्ते ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. त्या व्यासपीठावर त्या बोलल्या तेव्हा श्रोता समोर होता, प्रसंग निश्चित होता, आणि काय सांगावयाचे, काय राखावयाचे, ह्याची निवड त्यांची स्वतःची होती.

आता ह्याच्या उलट बाजूस एक स्थिती कल्पून पाहू. रात्री उशिरा कोणी स्टेटसवर ‘आता सगळे संपले’ असे लिहितो. ते चोवीस तासांत पुसले जाणार. दीडशे जण ते वाचतात. संभाषणाच्या शास्त्रात हाकेला ओ, प्रश्नाला उत्तर अशा जोड्या मानल्या आहेत. जोडीतील पहिला भाग उच्चारला की दुसऱ्याची जबाबदारी नेमक्या माणसावर येते. हे वाक्य हाक आहे, परंतु तिच्यात कोणाचे नाव नाही. म्हणून ओ देण्याची पाळी कोणाचीच नाही. डार्ली आणि लाताने यांनी १९६८ साली प्रयोगाने दाखविले की संकटाचे साक्षीदार जितके अधिक, तितकी त्यांपैकी एकाने पुढे येण्याची शक्यता कमी. अशा वेळी वाचणारा ‘ह्याला सारखे काहीतरी लिहावयाची खोड आहे’ असे मनाशी म्हणून पुढे सरकतो. अतिप्रकटन हा शब्द येथे वर्णन करीत नाही; तो न ऐकण्याची सबब पुरवितो.

म्हणून निर्णय करण्यापूर्वी प्रत्येक उक्तीला तीन प्रश्न विचारावेत : हे कोणाला उद्देशून आहे? ह्याला रूप कोणी दिले? आणि ह्याचा उचित प्रतिसाद आस्वाद की साहाय्य? संबोधन हरवले असेल, तर ते वाचणाऱ्याने पुरवावे. म्हणजे चिन्ह न पाठविता नाव घेऊन हाक मारावी, दूरध्वनी करावा, शक्य तर घरी जावे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ‘टेली मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतूनही बोलते, हेही आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे.

अभ्यासाच्या दृष्टीने येथे बरेच काम व्हावयाचे आहे. ढावलोतील संबोधनांची रचना, वऱ्हाडी विलापातील सर्वनामे आणि आजच्या श्रद्धांजलीच्या मजकुरातील सूत्रबद्ध पदे यांची तुलना झाल्यास मराठी भावभाषेचा एक सलग इतिहास हाती लागेल. मात्र असे साहित्य गोळा करताना ज्याचे दुःख, त्याची अनुमती घेणे हा पहिला नियम मानावा. नाहीतर ज्या गोंधळाचे आपण विश्लेषण करतो, त्यातच आपण भर घालू.