फौजेतली वर्षं पदवीत धरतात का?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सातारा जिल्ह्यात पेन्शनवर आलेला फौजी घरोघरी आहे. अपशिंगे गावाच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आलं. हा माणूस गावी परततो तेव्हा बहुधा पस्तिशी-चाळिशीत असतो. पोरं शाळेत, घराचं बांधकाम अर्धवट, आणि नुसत्या पेन्शनीत भागत नाही म्हणून दुसरी नोकरी बघायची असते. दूरशिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी बरीच वर्षं समुपदेशकाचं काम केलं. तिथे ही मंडळी यायची आणि त्यांचा प्रश्न साधारण एकच असायचा: ‘सर, सतरा वर्षं सिग्नलमध्ये वायरलेस सेट उघडले, दुरुस्त केले, नव्या पोरांना शिकवले. कॉलेजात याचं काही धरतात का?’

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत फार पूर्वीपासून शोधलं गेलं आहे. आधी तिकडचं सांगतो, मग आपल्याकडे येऊ.

पदवी म्हणजे ठरावीक श्रेयांकांची बेरीज. तिकडे पदवीसाठी साधारण १२० श्रेयांक लागतात. विषय शिकलात, परीक्षा दिलीत की त्याचे दोन-तीन श्रेयांक खात्यावर जमा. आता तोच विषय कुणी फौजेच्या प्रशिक्षण शाळेत शिकून आला असेल, तर त्याला पुन्हा पहिल्या बाकावर बसवायचं का?

पहिल्या महायुद्धानंतर काही अमेरिकन कॉलेजांनी याचं उत्तर फार उदारपणे दिलं. फौजेत होतास ना, मग घे एवढे श्रेयांक! काय शिकला, किती शिकला, कुणी विचारलं नाही. त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. खंदकात वर्ष काढलं म्हणून कुणाला रसायनशास्त्र येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा धडा लक्षात ठेवला गेला. १९४४ मध्ये ‘जीआय बिल’ हा कायदा झाला आणि परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. सुमारे २२ लाख माजी सैनिक या कायद्याखाली कॉलेजात गेले. १९४७ साली तर कॉलेजांतला जवळजवळ निम्मा प्रवेश त्यांचाच होता. एवढ्या लोकांचं मोजमाप करायचं कसं? ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ ही कॉलेजांची संस्था पुढे आली. तिने फौजेतल्या अभ्यासक्रमांची एक जाडजूड मार्गदर्शिका काढली. अमुक शाळेतला रडार दुरुस्तीचा कोर्स इतक्या आठवड्यांचा, त्यात हे हे शिकवतात, म्हणून विजेच्या विषयात इतके श्रेयांक द्यावेत, अशी एकेक नोंद. शाळा अर्धवट सोडून फौजेत गेलेल्यांसाठी ‘जीईडी’ ही परीक्षा १९४२ मध्येच तयार झाली होती. आज ती सर्वसामान्य नागरिकही देतात, पण तिचा जन्म फौजींसाठी झाला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

ही पद्धत अजून चालू आहे. प्राध्यापकांचा गट फौजेच्या कोर्सचा अभ्यासक्रम, पुस्तकं, परीक्षा तपासतो आणि शिफारस करतो. नुसते कोर्सच नव्हे, तर एखाद्या कामावर काढलेली वर्षंही तपासली जातात. २०१३ पासून बहुतेक दलांची ही माहिती एकाच गुणपत्रकावर मिळते. हवाई दलाने तर १९७२ मध्ये स्वतःचं कम्युनिटी कॉलेजच काढलं.

पण खरी मेख पुढे आहे. संस्थेची शिफारस ही शिफारसच असते, ती मानायची की नाही ते कॉलेज ठरवतं. आणि मानली तरी श्रेयांक पुष्कळदा ‘ऐच्छिक’ या रकान्यात पडतात. समजा, गड्याला चाळीस श्रेयांक मिळाले, पण त्याच्या पदवीला ऐच्छिक दहाच लागतात. उरलेले तीस कागदावरच राहतात. सरकारी मदतीची मुदत मात्र साधारण ३६ महिन्यांची. आधीच येत असलेलं पुन्हा शिकण्यात त्यातले महिने गेले, तर पुढे पैसे खिशातून घालावे लागतात.

युद्धभूमीवरच्या वैद्यकीय सहायकाचं उदाहरण तिकडे नेहमी दिलं जातं. त्याने गोळ्यांच्या वर्षावात रक्तस्राव थांबवलेला असतो. पण घरी आल्यावर त्याला साधी नर्सची नोकरी मिळत नाही, कारण त्यासाठी राज्याचा परवाना लागतो आणि परवान्यासाठी मान्य अभ्यासक्रम. इथे मी कॉलेजांनाच सगळा दोष देणार नाही. जखमी जवानाला सांभाळणं वेगळं आणि मधुमेही आजीबाईंना किंवा बाळंतिणीला सांभाळणं वेगळं. मात्र त्याला जे येत नाही तेवढंच शिकवावं, हे शहाणपणाचं. काही कॉलेजांनी तसे छोटे जोड-अभ्यासक्रम काढले. टेक्सास राज्याने २०११ मध्ये सैनिकांच्या श्रेयांकांसाठी खास योजनाच आखली.

आता आपल्याकडे. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं काढणाऱ्या छात्राला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. म्हणजे फौजी प्रबोधिनीतलं शिक्षण विद्यापीठाने मान्य करणं आपल्याला नवीन नाही. प्रश्न जवानाचा आहे. त्याच्यासाठी १९८६ चा केंद्र सरकारचा एक नियम आहे. दहावी पास किंवा फौजेचं विशेष शैक्षणिक प्रमाणपत्र असलेला, पंधरा वर्षं सेवा केलेला माजी सैनिक ‘गट क’च्या काही पदांसाठी पदवीधराइतकाच पात्र धरला जातो. हा नियम नोकरीपुरता आहे. तो कागद घेऊन एम.ए.ला प्रवेश मागायला गेलेले एक हवालदार माझ्याकडे हात हलवत परत आले होते. खिडकीवरच्या माणसाने त्यांना ‘ही पदवी नव्हे’ एवढंच सांगितलं. बरोबरच होतं, पण पुढे काय करायचं ते सांगायला कुणाला सवड नव्हती.

२००९ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने लष्कराबरोबर ‘ज्ञानदीप’ योजना सुरू केली. फौजेतल्या प्रशिक्षणालाच श्रेयांक द्यायचे, अशी ती कल्पना होती. पण पुढे काही वर्षांत विद्यापीठाची कम्युनिटी कॉलेजची योजनाच थंडावली. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा तोच धागा पुन्हा उचलला गेला. याच विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या खास पदवीत निम्मे श्रेयांक अग्निवीराच्या फौजी प्रशिक्षणाचे आणि निम्मे त्याने निवडलेल्या विषयांचे, असं ठरलं. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचं शिक्षण. पदवीचे १२० श्रेयांक धरले, तर निम्मे म्हणजे १,८०० तास झाले.

हा हिशेब नुसता कागदी नाही. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रासारख्या ठिकाणी अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला उभी राहिली. चार वर्षांनंतर त्यांच्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम ठेवायचं, असं योजनेत आहे. बाकीची मुलं बावीस-पंचविसाव्या वर्षी घरी येणार, तीही पेन्शनशिवाय. सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी मिळेल; पण त्या वयाच्या मुलाला नोकरीच्या अर्जावर शिक्षणाचा रकानाही भरायचा असतो.

म्हणून नोकरीत असलेल्या जवानांना आणि त्यांच्या घरच्यांना माझं सांगणं असं. प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र जपून ठेवा. त्यावर कोर्सचं नाव, कालावधी आणि श्रेणी स्पष्ट आहे ना, ते पाहा. नसेल तर युनिट सोडण्याआधीच दुरुस्त करून घ्या, नंतर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करण्यात महिने जातात. कॉलेजात गेल्यावर ‘किती श्रेयांक मिळतील’ एवढ्यावर थांबू नका, ‘माझ्या पदवीतले कोणते विषय माफ होतील’ हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रवेशाची फी त्यानंतर भरा.