वेदनेचे द्वारपाल

पायाला ठेच लागली की आपला हात नकळत तिकडे जातो आणि आपण ती जागा चोळू लागतो. चोळल्याने बरे वाटते, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. ते का वाटते, याचा उलगडा मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत, मज्जारज्जूत, जणू एक दार लागते. वेदनेचे निरोप बारीक तंतूंतून येतात, स्पर्शाचे जाड तंतूंतून. स्पर्शाची गर्दी झाली की ते दार अर्धेअधिक लोटले जाते. पुढे या कल्पनेत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु तिचा गाभा टिकून राहिला.

हे दार मेंदूकडूनही लोटता येते. १९६९ साली रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतील एका लहानशा करड्या भागाला विजेने चेतविले, तेव्हा भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया करता आली. त्या भागातील पेशींचा हुकूम खाली मज्जारज्जूपर्यंत उतरतो आणि वेदनेचा निरोप तेथेच थोपविला जातो. १९७५ साली ॲबरडीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे द्रव्य मिळविले. त्याचे कार्य अफूसारखेच! वेदना शमविणारी अफू मेंदू स्वतःच तयार करतो, हे तेव्हा उघड झाले.

चिनी वैद्यांची सुई याच यंत्रणेला हात घालते, असे दिसते. सुई टोचून फिरविली की स्नायूंतील तंतू चेतवतात आणि तेथे जडपणा जाणवतो. बीजिंगच्या हान जीशेंग यांना असे आढळले की, सुईतून सेकंदाला दोन विद्युत्स्पंदने सोडल्यास एन्केफॅलिन स्रवते आणि शंभर सोडल्यास डायनॉर्फिन. अफूचा परिणाम पुसणारे नॅलॉक्सोन हे औषध दिल्यावर काही प्रयोगांत सुईचा गुणही ओसरला. मात्र सर्वच प्रयोगांचा कौल एकसारखा नाही.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कंबरदुखीच्या सुमारे साडेअकराशे रुग्णांपैकी काहींना शास्त्रोक्त ठिकाणी सुया टोचल्या, काहींना भलत्याच जागी आणि वरवर. दोघांनाही जवळजवळ सारखाच आराम पडला, आणि तो नेहमीच्या उपचारांहून अधिक होता. मग गुण सुईचा की विश्वासाचा? १९७८ साली दाढ काढलेल्या रुग्णांवरील प्रयोगात असे दिसले होते की, निव्वळ औषधाच्या भासाने मिळालेला आरामही नॅलॉक्सोनने नाहीसा होतो. म्हणजे विश्वासाची हाकदेखील त्याच द्वारपालांपर्यंत पोहोचते.

तेव्हा सुईने आराम पडला, तर तो भ्रम म्हणून हसण्यावारी नेऊ नये. परंतु रोग गेला असेही समजू नये. वेदना ही घराची राखणदार आहे. तिची आरोळी थांबली म्हणजे चोर पळाला असे नव्हे. दुखणे कशाचे आहे हे आधी वैद्यकीय तपासणीने जाणून घ्यावे, आणि मगच द्वारपालांना खुशाल दार लोटू द्यावे.