खोबरेलाचा चमचा कुठे घालायचा?

खोबरेल तेल केसांचे की खाण्याचे, हा प्रश्न आपल्या देशात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लहान बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या शुद्ध खोबरेलावर कर कोणत्या वर्गात लावायचा, यावरून बरीच वर्षे वाद चालला. अखेर डिसेंबर २०२४मध्ये न्यायालयाने सांगितले, की तेल खाद्यतेलाच्या निकषांत बसत असेल आणि वेष्टनावर ते केशतेल म्हणून विकले जात नसेल, तर केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केसांचे ठरत नाही.

महाराष्ट्रात या वादाचा निकाल सह्याद्रीने फार पूर्वीच लावून ठेवला आहे. घाटावरच्या घरात ही बाटली न्हाणीघराच्या फळीवर असते आणि थंडीत थिजली की उन्हात ठेवली जाते. तळकोकणात आणि गोव्यात तीच चुलीजवळ असते. तिरफळे घातलेल्या आमटीवर शेवटी कच्चे खोबरेल सोडले नाही तर तिला वासच येत नाही, असे तिथली कोणीही गृहिणी सांगेल.

गेल्या काही वर्षांत मात्र घाटावरचीही बाटली न्हाणीघरातून स्वयंपाकघरात आली आहे. ती आमटीसाठी आलेली नाही, औषध म्हणून आली आहे. सकाळच्या कॉफीत दोन चमचे, उपाशीपोटी एक चमचा, वजनासाठी, थायरॉइडसाठी, स्मरणशक्तीसाठी आणि सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे हृदयासाठी. शिवाय घरोघरी ओव्हन आल्यामुळे केक-बिस्किटांत लोण्याऐवजी 'आरोग्यदायी' म्हणून खोबरेल घालण्याची टूमही निघाली आहे.

सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसणारे एक चित्र असे. साठीला आलेले गृहस्थ, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. कोलेस्टेरॉलची गोळी नियमित, एलडीएल सत्तरच्या घरात. मुंबईच्या भाच्याने एक व्हिडिओ पाठवला, 'मामा, केरळात हृदयाच्या पेशंटना दोन वर्षं खोबरेलावर ठेवलं, काहीसुद्धा झालं नाही.' मामींनी कॉफीत दोन मोठे चमचे खोबरेल सुरू केले. महिन्याभराने मामांनी मनाशी हिशेब केला, की आता तेलच काम करते आहे, मग गोळी कशाला? चार महिन्यांनी तपासणीत एलडीएल दीडशेच्या पुढे.

यातला मोठा वाटा बंद केलेल्या गोळीचा. पण भाच्याचे सांगणे खोटे नव्हते, अर्धे होते. केरळमधला तो अभ्यास खरा आहे आणि २०१६मध्ये प्रसिद्ध झाला आहे. स्थिर हृदयविकाराच्या २०० रुग्णांपैकी काहींना स्वयंपाकासाठी खोबरेल, तर काहींना सूर्यफुलाचे तेल दिले गेले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या कोलेस्टेरॉलमध्ये किंवा हृदयाच्या त्रासांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र या रुग्णांचे नेहमीचे औषधोपचार चालू होते. गोळी चालू असताना तेलांतला फरक झाकला जाऊ शकतो आणि हृदयविकाराच्या झटक्यांतला फरक दिसायला २०० माणसे फार थोडी. शिवाय तिथे खोबरेल दुसऱ्या तेलाच्या जागी आले होते, रोजच्या जेवणावर जादा ओतलेले नव्हते. व्हिडिओत या तीनही गोष्टी गळाल्या.

मुळात या तेलात असते काय? खोबरेल उघड्यावर ठेवले तरी लवकर खवट होत नाही आणि २४ अंशांच्या खाली गोठते, या दोन्हीचे कारण एकच. त्यातला ८५ ते ९० टक्के भाग संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड, फॅटचा असतो. तुलनेसाठी, साजूक तुपात हे प्रमाण साधारण ६० ते ६५ टक्के आणि शेंगदाणा तेलात २० टक्क्यांच्या आत. तूप म्हटले की दचकणारी आणि खोबरेल मात्र निर्धास्तपणे ओतणारी घरे पुष्कळ आहेत, म्हणून हा आकडा पुन्हा वाचावा. बाटलीवरचे 'कोलेस्टेरॉल शून्य' खरेच असते. कोणत्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल दखल घेण्याइतके नसतेच. रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवायला खाण्यातले संपृक्त फॅट पुरते.

यावर ठरलेले उत्तर येते : खोबरेलातली स्निग्धाम्ले मध्यम साखळीची असतात, ती थेट यकृतात जाऊन जळतात, अंगावर चढत नाहीत. ज्या प्रयोगांच्या जोरावर हे सांगितले जाते, त्यांतले तेल मुद्दाम तयार केलेले असते. त्यात ८ आणि १० कार्बनची स्निग्धाम्ले असतात. बाजारातल्या खोबरेलात ही दोन्ही मिळून जेमतेम १५ टक्के. निम्म्याच्या आसपास असते ते १२ कार्बनचे लॉरिक आम्ल. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ते मध्यम साखळीत बसवलेले असले, तरी आतड्यातून त्याचा बराचसा भाग लांब साखळीच्या फॅटच्याच वाटेने रक्तात येतो आणि एलडीएल वाढवतो.

२०२० साली १६ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सोयाबीन, सूर्यफूल, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमने वाढवले. एचडीएल, म्हणजे ज्याला 'चांगले' म्हणतात तेही चारेक मिलिग्रॅमने वाढले. खोबरेलाचे पुरस्कर्ते हा दुसरा आकडा तेवढा सांगतात. पण एचडीएल वाढवले म्हणून झटके कमी होतात, असे औषधांच्या मोठ्या चाचण्यांतही दिसलेले नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की २०१८च्या केंब्रिजच्या एका प्रयोगात चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल घेणाऱ्यांचे एलडीएल ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा वेगळे निघाले नाही, लोणी घेणाऱ्यांचे मात्र वाढले. प्रयोग लहान आणि महिन्याभराचा. खोबरेल विष नाही एवढे त्यातून नक्की म्हणता येते, औषध आहे असे नाही.

कोकणात या सगळ्यावर एकच जबाब मिळतो : 'आमचे आजोबा जन्मभर खोबरेलच खायचे, नव्वदीला गेले.' असतील. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका या बेटांवरचे लोक नारळावरच जगत. टोकेलाऊत तर निम्म्याहून अधिक उष्मांक नारळाचे. तरी तिथे हृदयविकार क्वचित आढळला, असे १९८१च्या प्रसिद्ध अभ्यासात नोंदवले आहे. पण त्यांच्या ताटात नारळाबरोबर मासळी होती, साखर फार थोडी. आणि ज्या बेटावर नारळ जास्त, तिथल्या लोकांचे कोलेस्टेरॉलही जास्तच होते. आजोबांचेही तसेच. ते बाजाराला चालत जात, पेज जेवत, आणि घाण्यावरून आणलेले तेल महिनाभर पुरवायचे म्हणून आजी ते पळीने मोजून घाली. बेकरीची खारी आणि संध्याकाळची भजी त्यांच्या रोजच्या खाण्यात नव्हती.

आता स्वयंपाकाकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार संपृक्त फॅट रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावे. २००० उष्मांक खाणाऱ्या माणसाला ते २२ ग्रॅम होते. खोबरेलाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १४ ग्रॅममध्ये, १२ ग्रॅम. मामांच्या कॉफीने सकाळी आठलाच दिवसाचा कोटा संपवला होता. कोकणी घरात आणखी एक हिशेब धरावा लागतो तो ओल्या खोबऱ्याचा. ८० ग्रॅम खवलेल्या नारळात सुमारे २४ ग्रॅम संपृक्त फॅट असते. त्याबरोबर चोथा, म्हणजे तंतू, पोटात जातो हे चांगलेच. पण आमटीचे वाटप, सोलकढी आणि वर फोडणीही खोबरेलाची, असे रोज झाले तर बेरीज फार पुढे जाते. ज्या दिवशी वाटप आहे त्या दिवशी फोडणी शेंगदाणा किंवा मोहरीच्या तेलाची करावी आणि कच्चे खोबरेल वरून छोटा चमचाभरच सोडावे. वास तेवढ्यानेही येतो, किंबहुना वरून सोडल्यानेच येतो.

तळणासाठी घाण्याचे, न गाळलेले खोबरेल नको. ते १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागते आणि पुऱ्या-वड्यांची कढई तेवढी तापतेच. रिफाइंड खोबरेल याहून जास्त तापमान सोसते. मात्र तळलेले तेल पुन्हा पुन्हा वापरणे कोणत्याही तेलाबाबत वाईटच.

भट्टीचे गणित वेगळे आहे. ओव्हन १८० अंशांवर असला तरी पिठात पाणी असेतो केकचा गाभा शंभरीच्या वर जात नाही. त्यामुळे तिथे घाण्याचे तेलही धुरत नाही. कोकणाला हे नवे नाही. वर-खाली निखारे ठेवून भाजलेले काकडीचे धोंडस, गोव्याकडची तवसळी, हे आपले ओव्हनपूर्व केकच. पातेल्याला आतून खोबरेलाचा हात फिरवला की काम होते.

नानखटाईत मात्र खरा प्रश्न येतो, कारण तिला घट्ट स्निग्ध पदार्थच लागतो. पातळ तेलाने ती ताटात पसरते. वर्षानुवर्षे ही गरज वनस्पती तुपाने भागवली आणि त्यातल्या ट्रान्स फॅटने हृदयाचे मोठे नुकसान केले. जानेवारी २०२२पासून आपल्याकडे त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. डालड्याऐवजी घरी खोबरेल वापरणे म्हणून गैर नाही. उन्हाळ्यात ते आधी फ्रीजमध्ये मलईसारखे होईपर्यंत थिजवावे, मग साखरेबरोबर फेसावे. लोण्याच्या कृतीत खोबरेल घालायचे तर १०० ग्रॅमच्या जागी ८० ग्रॅम घ्यावे आणि चमचाभर दूध वाढवावे, कारण लोण्यात १६-१७ टक्के पाणी असते, खोबरेलात नसते. पण १०० ग्रॅम खोबरेलाच्या २० नानखटाया केल्या तर दोन खाल्ल्यावर ९ ग्रॅम संपृक्त फॅट पोटात जाते. साजूक तुपाच्या दोन खाल्ल्या असत्या तर सहाच्या आसपास गेले असते! 'खोबरेलाची आहे, खा' हे म्हणणे इथे कोसळते. साध्या स्पंज केकला घट्ट पदार्थाची गरजच नसते. तिथे शेंगदाणा किंवा राइस ब्रानचे रिफाइंड तेल उत्तम चालते. थंड दूध-अंड्यांत खोबरेलाच्या गुठळ्या होतात, ती कटकटही वाचते.

बाटली घेताना एक पाहावे. खाण्याच्या तेलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. न्हाणीघरातल्या सुगंधी तेलात इतर काहीही मिसळलेले असू शकते, ते कढईत जाऊ नये.

मामांची गोळी पुन्हा सुरू झाली. दोन महिन्यांनी एलडीएल ऐंशीच्या खाली आले. कॉफी आता बिनतेलाची आहे, बांगड्याच्या आमटीवर मात्र मामी छोटा चमचाभर खोबरेल अजूनही सोडतात, आणि ते सोडू नये असे त्यांना कोणी सांगितलेले नाही. भाच्याने परवा आणखी एक व्हिडिओ पाठवला. या वेळी तो तुपाचा होता.